युजर अकाउंटमधली गडबड अ‍ॅडमिनला कशी कळवायची: चेक स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी सविस्तर

२०१७ मध्ये सिस्टिमडीतला (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्राम) एक बग बराच गाजला होता, लिनक्सवाल्यांपैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सर्व्हिसच्या युनिट फाईलमध्ये युजर म्हणून '०डे' असं आकड्याने सुरू होणारं नाव दिलं की सिस्टिमडी म्हणायचं हे नाव काही बरोबर नाही, ही सेटिंग मी सोडून देतो, आणि लॉगमध्ये तशी एक ओळ टाकून सर्व्हिस सरळ रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावाने, चालू करायचं. व्हर्जन २३३ आणि त्याआधी हे असंच होतं, पुढे त्याला सीव्हीई नंबरही (सुरक्षेतल्या त्रुटींना मिळणारा जाहीर क्रमांक) मिळाला. आता वॉर्निंग दिली होती का? तर हो, दिली होती. लॉगमध्ये ओळ होती. पण सर्व्हिस सुरू झालीय, हिरवं दिसतंय, सगळं चालतंय म्हटल्यावर लॉग उघडून बघणार कोण?

माझं म्हणणं एवढंच आहे की अकाउंटच्या एंट्रीत गडबड दिसली तर टूलने दोन गोष्टी करायच्या. अंदाज बांधून जास्त अधिकार कधीच द्यायचा नाही, तिथे सरळ थांबायचं. आणि जिथे थांबायची गरज नाही तिथे अ‍ॅडमिनला असं वाक्य द्यायचं की ते वाचून त्याला पुढची कमांड टाकता आली पाहिजे. बाकी सगळं या दोन गोष्टींतूनच येतं.

हा लेख कुणासाठी, तर अंधेरी, बीकेसी, लोअर परळ, महापे इकडच्या त्या सगळ्यांसाठी ज्यांच्याकडे वीस-पंचवीस लिनक्स मशीन आहेत, मोठं महागडं मॉनिटरिंग नाहीये, आणि रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) चालणाऱ्या स्वतःच्या स्क्रिप्टवर कारभार आहे. ऑडिट जवळ आलं की सगळे पासवर्ड फाईल उघडून बसतात, वर्षभर कुणी बघत नाही. ते रोज आपोआप बघितलं जावं आणि बघितलेलं नीट कळवलं जावं, तेवढ्यासाठी हे लिहितोय. कमांड आणि फाईलची नावं देवनागरीत लिहिलीयत, टाइप करताना नेहमीसारखी रोमनमध्ये करा.

आधी फाईली डोक्यात पक्क्या करा

ईटीसी फोल्डरमधली पासवर्ड फाईल म्हणजे एका ओळीत ७ फील्ड, मध्ये कोलन: युजरनेम, पासवर्डच्या जागी एक्स, यूआयडी (युजरचा नंबर), जीआयडी (ग्रुपचा नंबर), नाव-शेरा, होम (युजरचं फोल्डर) आणि शेल (लॉगिन झाल्यावर चालणारा प्रोग्राम). शॅडो फाईलमध्ये ९ फील्ड, त्यात दुसरं म्हणजे पासवर्डचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) आणि तिसरं म्हणजे पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते, १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत मोजलेलं. ग्रुप फाईलमध्ये ४. एवढं पाठ असलं की बास, पण एक लक्षात ठेवा, शेलचं फील्ड रिकामं असेल तर त्याचा अर्थ 'शेल नाही' असा होत नाही, बिन एसएच असा होतो. म्हणजे कुणी लॉगिन बंद करायला शेल पुसून टाकला असेल तर त्याने लॉगिन चालूच ठेवलंय. तुमच्या स्क्रिप्टने हे सांगायलाच पाहिजे.

पीडब्ल्यूसीके चालवा, पण हायफन आर लावूनच

पीडब्ल्यूसीके ही कमांड जवळपास सगळीकडे असते. फील्ड बरोबर आहेत का, युजरनेम दोनदा आलंय का, यूआयडी-जीआयडी ठीक आहेत का, प्रायमरी ग्रुप आहे का, होम आहे का, शेल आहे का, एवढं ती बघते. फील्डची संख्या चुकली किंवा नाव दोनदा आलं तर ती गोष्ट गंभीर धरते आणि सरळ विचारते, ही ओळ डिलीट करू का? इथे बोट चुकलं की युजरच गेला. म्हणून नेहमी हायफन आर, म्हणजे फक्त वाच, हात लावू नको.

पहिल्यांदा डेबियन किंवा उबुंटूवर चालवाल तेव्हा काय दिसेल? एलपीचं होम नाही, न्यूजचं होम नाही, यूयूसीपीचं होम नाही, लिस्टचं नाही. हे सगळे सिस्टिमबरोबर आलेले युजर, त्यांचं ते सॉफ्टवेअर टाकलेलंच नाही त्यामुळे फोल्डरही नाही, आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही. पण रोज सकाळी मेलमध्ये या सात-आठ ओळी आल्या की माणूस तिसऱ्या दिवसापासून तो मेल उघडत नाही, आणि ज्या दिवशी नववी ओळ येते, ती खरी असते, ती पण न वाचता जाते. सोसायटीचा वॉचमन प्रत्येक मांजरावर शिट्टी मारायला लागला की खऱ्या चोराच्या वेळी खिडकीत कोण येणार, तसंच हे.

यावर शॅडो पॅकेजवाल्यांनी (पीडब्ल्यूसीके ज्यातून येतं ते) स्वतःच एक चांगला उपाय दिलाय, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. लॉगिन डॉट डेफ्स या अकाउंटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये नॉनएक्झिस्टन्ट नावाची सेटिंग आहे. तिथे एक स्ट्रिंग द्यायची, बहुतेक ठिकाणी ती स्लॅश नॉनएक्झिस्टन्ट अशीच असते, आणि ज्या सिस्टिम अकाउंटला मुद्दाम होम ठेवलेलं नाही त्याच्या होम फील्डमध्ये तीच स्ट्रिंग लिहायची, मग पीडब्ल्यूसीके त्याबद्दल गप्प बसतं. जुन्या व्हर्जनमध्ये नसेल, पण कल्पना बघा किती छान आहे. आवाज दाबलेला नाही, तर 'हे मुद्दाम असंच ठेवलंय' हे डेटामध्येच लिहायची जागा दिलीय. तुमच्या स्क्रिप्टमध्येही गप्प करायचा मार्ग असाच ठेवा. सरसकट 'होमच्या वॉर्निंग बंद' असा स्विच देऊ नका. एका युजरची, एकाच प्रकारची वॉर्निंग बंद, कारण लिहून, कुणी केली ते लिहून, आणि किती तारखेपर्यंत तेही लिहून. तारीख संपली की परत बोलायला लागायचं.

पीडब्ल्यूसीके काय बघत नाही तेही सांगतो, कारण खरी जोखीम तिथेच आहे. युजरनेम दोनदा आलं तर ती पकडते, पण एकच यूआयडी दोन नावांना दिला असेल तर ती काही बोलत नाही. म्हणजे रूटशिवाय आणखी कुणाचा यूआयडी शून्य असेल तर पीडब्ल्यूसीके खुशाल सगळं ठीक म्हणेल. हे तुम्हालाच ऑकने (ओळीतली फील्ड वेगळी करणारी कमांड) बघायचं, सेपरेटर कोलन द्यायचा आणि तिसरं फील्ड शून्य असलेल्या ओळी छापायच्या. एक अपवाद असा की फ्रीबीएसडीवर टूर नावाचं अकाउंट यूआयडी शून्यसकट मुळातच येतं, तिथे ते दिसलं तर घाबरायचं नाही. पण लिनक्सवर दिसलं तर त्याच क्षणी फोन करायचा.

कुठल्या गोष्टीला किती आरडाओरडा

तीन खाने पुरतात, पाच-सात लेव्हल करत बसलात तर कुठली गोष्ट कुठे टाकायची यावरच मीटिंग होतील.

पहिला खाना, रात्री उठवायचं. रूट सोडून दुसऱ्या कुणाचा यूआयडी शून्य. शॅडोमध्ये हॅशचं फील्ड एकदम रिकामं, कारण पॅमची (लॉगिन तपासणारी यंत्रणा) सेटिंग ढिली असेल तर त्या युजरला पासवर्डशिवाय आत येता येतं. पासवर्ड फाईलमध्येच दुसऱ्या फील्डमध्ये एक्सच्या जागी काहीच नाही. आणि यूआयडी ६५५३५ किंवा ४२९४९६७२९५. हे दोन आकडे बघायला साधे वाटतात पण कर्नलच्या हिशोबात ते वजा एक होतात, आधी यूआयडी १६ बिटचे होते त्यातला एक आणि आताच्या ३२ बिटचा दुसरा, आणि यूआयडी बदलणाऱ्या सिस्टिम कॉलमध्ये वजा एकचा अर्थ 'बदलू नको' असा असतो. म्हणजे रूटने चालणाऱ्या प्रोग्रामने या युजरकडे उतरायचं ठरवलं तरी तो रूटच राहायचा. २०१९ मध्ये सुडोमध्ये (दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) असाच प्रकार निघाला होता, युजर म्हणून वजा एक दिलं की काही नियमांत कमांड रूट म्हणून चालायची, ऑक्टोबरमध्ये १.८.२८ मध्ये ते दुरुस्त झालं. त्याआधी २०१८ मध्ये पॉलिसीकिटचं (कुणाला कुठला अधिकार ते ठरवणारा प्रोग्राम) निघालं, यूआयडी २१४७४८३६४७ पेक्षा मोठा असलेला साधा युजर सिस्टिमसीटीएलच्या (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या) कमांड बिनधास्त चालवू शकत होता. त्यामुळे त्या आकड्याच्या वरचे यूआयडी पण याच खान्यात टाका, असला युजर कुणी सरळ मनाने बनवत नाही.

दुसरा खाना, सकाळी ऑफिसला आल्यावर. ओळीत फील्ड कमी-जास्त. दोन युजरना एकच यूआयडी, जो युजरअ‍ॅडला हायफन ओ देऊन मुद्दाम करता येतो, पण मग एलएस (फाईलींची यादी) करताना फाईलमधलं पहिलं नाव दिसतं आणि ऑडिटमध्ये एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. पासवर्ड फाईलमध्ये युजर आहे पण शॅडोमध्ये नाही. आकडाच असलेलं युजरनेम, उदाहरणार्थ एम्प्लॉयी कोडच युजरनेम म्हणून दिलाय, १००५. हे फार ऑफिसात असतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, पण सीएचओन १००५ अशी (फाईलचा मालक बदलणारी) कमांड दिली की आधी त्या नावाचा युजर शोधला जातो, तो असेल तर त्याचा यूआयडी घेतला जातो, मग तो यूआयडी १०३२ असला तरी. तुम्हाला यूआयडी १००५ म्हणायचा होता आणि फाईली गेल्या भलत्याच माणसाकडे.

तिसरा खाना, आठवड्याच्या यादीत. होम नाही, पासवर्ड बदलल्याची तारीख भविष्यातली, यूआयडी ठरलेल्या रेंजच्या बाहेर. तारीख भविष्यातली दिसली तर बहुतेक वेळा अकाउंट बनवताना मशीनचं घड्याळ पुढे होतं, त्या मशीनचं टाइम सिंक बघून घ्या.

मेसेज कसा लिहायचा, दोन उदाहरणं जवळून

आता मुख्य गोष्ट. मेसेजमध्ये काय काय पाहिजे ते कोरडं सांगण्यापेक्षा दोन खऱ्या प्रकारच्या चुका घेऊ, दोन्ही आपल्याकडे हमखास होणाऱ्या.

पहिली कोलनची. मराठीत विसर्ग टाइप करताना बरेच जण कीबोर्डवरचा कोलनच दाबतात, दिसायला सारखंच दिसतं, 'स्वतः' आणि 'स्वत:' यातला फरक स्क्रीनवर डोळ्याला कळत नाही. आता एचआरकडून आलेल्या शीटमधून कुणी स्क्रिप्टने ओळी जोडतंय, आणि शेऱ्यात लिहिलंय 'स्वत:चा लॅपटॉप'. युजरअ‍ॅडने केलं असतं तर त्याने शेऱ्यातला कोलन घेतलाच नसता, पण इको करून फाईलच्या शेवटी ओळ चिकटवणाऱ्या स्क्रिप्टला काय कळतंय? ओळ अशी झाली:

सई:एक्स:१०४२:१०४२:स्वत:चा लॅपटॉप:/होम/सई:/बिन/बॅश

सातच्या जागी आठ फील्ड. आता होम झालं 'चा लॅपटॉप' आणि शेल झाला पुढचं सगळं मिळून. सईला लॉगिन होत नाही, ती म्हणते पासवर्ड चालत नाही, हेल्पडेस्क तीनदा पासवर्ड बदलून देतं, आणि टूल काय सांगतं? 'पासवर्ड फाईलमध्ये चुकीची एंट्री आहे', आणि ती ओळ. कितवी ओळ ते नाही, किती फील्ड पाहिजे होते नि किती मिळाले ते नाही, आणि पुढचा प्रश्न काय तर डिलीट करू का. याच्याऐवजी तुमची स्क्रिप्ट असं म्हणू शकते:

सकाळी बघा. मशीन डीबी-२, पासवर्ड फाईल, ओळ ४७, युजर 'सई'. ७ फील्ड पाहिजेत, ८ आहेत. पाचव्या फील्डमध्ये जादा कोलन असण्याची शक्यता आहे, विसर्ग तपासा. परिणाम: होम आणि शेल चुकीचे वाचले जातात, लॉगिन होत नाही. उपाय: व्हीआयपीडब्ल्यूने ओळ ४७ दुरुस्त करा, मग गेटएन्टने सईची एंट्री मागवून शेवटचं फील्ड बॅश येतंय का बघा. स्क्रिप्टने काहीही बदललेलं नाही.

(व्हीआयपीडब्ल्यू म्हणजे पासवर्ड फाईल लॉक करून उघडणारा एडिटर, गेटएन्ट म्हणजे युजरची एंट्री दाखवणारी कमांड.) लांब वाटतो ना? पण यातली प्रत्येक गोष्ट नसली की अ‍ॅडमिनला स्वतः शोधावी लागते, आणि शोधायची वेळ नेमकी तेव्हा येते जेव्हा तो विरार फास्टमध्ये दाराशी उभा आहे आणि मोबाईलवर नोटिफिकेशनची पहिली ओळच फक्त दिसतेय. म्हणून पहिल्या ओळीत खाना, मशीन, युजर. बाकी खाली. मशीनचं नाव तर बरीच टूल लिहीतच नाहीत कारण टूलला वाटतं मी ज्या मशीनवर चाललोय ते सगळ्यांना माहीतच आहे. 'काही बदललेलं नाही' हे शेवटचं वाक्यही ठेवाच, नाहीतर अ‍ॅडमिन आधी हेच तपासत बसतो की स्क्रिप्टने काही करून ठेवलंय का. ओळ नंबर काढणं अवघड नाहीये, ऑकमध्ये एनएफ (फील्डची संख्या) सात नसेल तिथे एनआर (ओळ नंबर) छापायचा.

दुसरी चूक विंडोजवरून आलेल्या फाईलची. एक्सेलमधून सीएसव्ही काढली, नोटपॅडमध्ये दुरुस्त केली, सर्व्हरवर टाकली, आता प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलेलं आहे. शेल झाला 'बिन बॅश आणि कॅरेज रिटर्न', असा प्रोग्राम जगात नाही, लॉगिन बंद. आता गंमत बघा, टूल बरोबर पकडतं आणि सांगायला जातं की युजर अमुक, प्रोग्राम अमुक, अस्तित्वात नाही. पण ते वाक्य छापताना मधेच ते कॅरेज रिटर्न येतं, कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि 'अस्तित्वात नाही' हे शब्द युजरच्या नावावरच छापले जातात. म्हणजे स्क्रीनवर युजरचं नाव गायब आणि अर्धं तुटकं वाक्य. वॉर्निंग दिली गेली, पण ज्याच्याबद्दल दिली त्याचंच नाव पुसलं गेलं.

म्हणून नियम असा की फाईलमधून आलेली कुठलीही व्हॅल्यू मेसेजमध्ये टाकताना न दिसणारी अक्षरं दिसतील अशी करून टाका. कॅरेज रिटर्न असेल तर बॅकस्लॅश आर असं छापा, टॅब असेल तर बॅकस्लॅश टी, आणि व्हॅल्यूच्या दोन्ही बाजूंना अवतरण चिन्ह द्या म्हणजे शेवटची स्पेस पण कळेल. हाताने बघायचं असेल तर कॅट हायफन मोठा ए, त्यात टोपीवाला एम दिसला की समजायचं. यात सुरक्षेचाही भाग आहे, बऱ्याच सिस्टिमवर साध्या युजरला आपल्या नाव-शेऱ्याच्या फील्डमध्ये थोडेफार बदल करता येतात, आणि तिथून आलेला मजकूर जसाच्या तसा टर्मिनलवर किंवा लॉगमध्ये ओतला तर खोटी लॉगची ओळ तयार करण्याची संधी आपणच देतो. फक्त एक काळजी घ्या, हे करताना मराठी नावं उडवू नका. शेऱ्यात देवनागरी नाव असणं ही चूक नाही, सीएचएफएनसुद्धा (नाव-शेरा बदलणारी कमांड) अशा नावावर फक्त सूचना देतं. 'आस्कीच्या (इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा मूळ संच) बाहेर काही दिसलं की गंभीर' अशी स्क्रिप्ट मुंबईत चालवून कसं चालेल, अर्धं ऑफिस गंभीरमध्ये जाईल.

मेसेजमध्ये काय नसावं

हॅश. कधीच नाही. शॅडो फाईलमधली ओळ बिघडलेली असली की ती ओळ जशीच्या तशी दाखवायचा मोह होतो, आणि पीडब्ल्यूसीके तेच करतं, चुकीची ओळ पूर्ण छापतं. टर्मिनलवर रूट एकटाच बघतोय तोपर्यंत ठीक, पण तीच कमांड क्रॉनमध्ये टाकली की आउटपुट मेलने जातं, टीमच्या ग्रुप आयडीवर जातं, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकतं. लॉग सर्व्हरवर गेलं तर आणखी पंचाईत, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, म्हणजे तो हॅश निदान सहा महिने तिथे मुक्कामाला. शॅडोबद्दल बोलताना ओळ नंबर, युजरनेम आणि कितवं फील्ड चुकलंय एवढंच सांगा. आणि पीडब्ल्यूसीकेचं आउटपुट मेल करण्याआधी 'डिलीट लाईन' असलेल्या ओळी गाळा.

कधी सांगायचं

एंट्री होतानाच सांगितलं तर सगळ्यात स्वस्त. युजरअ‍ॅड बऱ्याचदा हे बरं करतं. यूआयडी रेंजच्या बाहेरचा दिलात तर ते युजरचं नाव, तो यूआयडी आणि रेंजची दोन्ही टोकं छापतं, आणि होम आधीपासून असेल तर सांगतं की होम आहे, मी स्केलमधल्या (नव्या होमसाठीच्या नमुना फोल्डरमधल्या) फाईली कॉपी करत नाही. हे दुसरं वाक्य मला फार आवडतं कारण त्यात काय आढळलं आणि त्यामुळे मी काय केलं नाही हे दोन्ही आहे. पहिल्यात मात्र उणीव आहे, रेंजच्या बाहेर आहे म्हणजे पुढे होणार काय हे नवीन माणसाला कळत नाही. तुम्ही युजरअ‍ॅडभोवती आपली स्क्रिप्ट गुंडाळत असाल तर तेवढं वाक्य जोडा: ६११८४ ते ६५५१९ मधला आकडा असेल तर तो सिस्टिमडीच्या डायनॅमिक (सर्व्हिसपुरत्या तात्पुरत्या) युजरच्या पट्ट्यात जातो, १००००० च्या पुढचा असेल तर कंटेनरसाठी राखलेल्या सबयूआयडीवर (जादा यूआयडींचा गठ्ठा) आपटू शकतो.

अकाउंट काढतानाही सांगायचं असतं आणि इथे बहुतेक टूल गप्प असतात. युजरअ‍ॅड नवीन यूआयडी देताना वापरातला सगळ्यात मोठा बघून पुढचा देतं. आता शेवटी आलेला इंटर्न गेला, युजरडेल केलं, पुढच्या सोमवारी नवी इंटर्न आली, तिला तोच यूआयडी मिळाला, आणि शेअर्ड डिस्कवर आधीच्या मुलाच्या ज्या फाईली राहिल्या होत्या त्या आता तिच्या नावावर. युजरडेल हायफन आर होम आणि मेल काढतं, बाकी डिस्कवरच्या फाईली शोधत नाही. म्हणून काढण्याच्या स्क्रिप्टमध्ये आधी फाइंडने त्या यूआयडीच्या उरलेल्या फाईली मोजा आणि 'एवढ्या फाईली अमुक ठिकाणी राहतील, पुढच्या युजरला जाऊ शकतात' असं सांगून थांबा.

आणि लॉक करणं म्हणजे बंद करणं नव्हे हेही इथेच सांगायला पाहिजे. युजरमॉड हायफन मोठा एल हॅशच्या पुढे उद्गारचिन्ह लावतं, पासवर्ड बंद होतो, पण एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी लॉगिनची किल्ली) असेल तर तिने आत येणं चालू राहू शकतं. सोडून गेलेल्या माणसाचं अकाउंट लॉक आहे पण एक्सपायरी तारीख घातलेली नाही आणि ऑथराइज्ड कीज फाईल (चालणाऱ्या किल्ल्यांची यादी) भरलेली आहे, अशी जोडी दिसली तर ती दुसऱ्या खान्यात टाका आणि उपायात एक्सपायरी तारीख १ घालायची कमांड लिहा.

'नाही' आणि 'बघता आलं नाही' वेगळं

तुमच्याकडे सगळे युजर एका सर्व्हरवर ठेवणारं एलडॅप किंवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर हा भाग नीट वाचा. सगळे युजर पासवर्ड फाईलमध्ये नसतात, म्हणून गेटएन्टने बघायचं, पण एसएसएसडीमध्ये (डिरेक्टरीतले युजर मशीनला पुरवणारा प्रोग्राम) सगळ्या युजरची यादी देणं सुरुवातीपासून बंद असतं, त्यामुळे गेटएन्टला नाव न देता यादी मागितली तर फक्त लोकल युजर येतात. एकेका नावाने विचारायचं. आणि पावसाळ्यात लिंक गेली, डिरेक्टरी सर्व्हरशी बोलणं होत नाहीये, अशा वेळी 'मालक नसलेल्या फाईली' शोधणारी स्क्रिप्ट चालली तर तिला अख्ख्या कंपनीच्या फाईली बेवारस दिसतील. अशा वेळी एकच वॉर्निंग: डिरेक्टरीशी संपर्क नाही, म्हणून अमुक तीन तपासण्या आज केल्या नाहीत. सुरुवातीला एका पक्क्या माहीत असलेल्या डिरेक्टरी युजरचं नाव विचारून बघा, तो मिळाला तरच पुढे जा.

स्क्रिप्टची वागणूक

एक्झिट कोड (कमांड संपताना निकाल सांगणारा आकडा) खरे द्या. पीडब्ल्यूसीके सगळं ठीक असेल तर ०, चुकीच्या एंट्री असतील तर २, फाईल उघडता आली नाही तर ३ देतं. हे तीन प्रकार तुमच्या स्क्रिप्टनेही वेगळे ठेवावेत, आणि पाइप करून ग्रेपला (ओळी शोधणारी कमांड) दिलंत तर शेवटच्या कमांडचा कोड मिळतो हे विसरू नका, बॅशमध्ये पाइपफेल चालू करा. वॉर्निंग स्टँडर्ड एररवर, यादी स्टँडर्ड आउटपुटवर.

कालचं आणि आजचं ताडून बघा, मेलमध्ये वर फक्त नवीन आणि सुटलेल्या गोष्टी, जुन्या उरलेल्या खाली एका आकड्यात. सुटलेल्या पण दाखवायच्या, कुणीतरी काम केलंय ते दिसलं पाहिजे. आणि काहीच नसेल त्या दिवशीही एक ओळ जाऊ दे, 'पंचवीस मशीन तपासली, नवीन काही नाही', नाहीतर क्रॉन बंद पडून महिना झाला तरी सगळे शांत आहे म्हणून खूश असतात.

भाषा कुठली? रात्रपाळीला बसणाऱ्या माणसाला जी येते ती. टीममध्ये सगळे मराठी असतील तर मराठी, नसतील तर साधं सोपं इंग्रजी किंवा हिंदी. मात्र मूळ टूलचा एरर असेल तो भाषांतर न करता तसाच ठेवा, कारण तोच सर्च करायचा असतो.

आपोआप दुरुस्ती मात्र नको. अकाउंटच्या फाईलमध्ये स्क्रिप्टने लिहिणं म्हणजे रात्री तीन वाजता सगळ्यांना बाहेर ठेवून दाराला कुलूप लागण्याची शक्यता. दुरुस्ती माणसाने व्हीआयपीडब्ल्यूने करायची, ते फाईल लॉक करतं म्हणजे त्याच वेळी दुसरा कुणी पासवर्ड बदलत असेल तर गोंधळ होत नाही, आणि दुसरं रूट सेशन उघडं ठेवून करायची.

खोट्या फाईलीवर तपासून घ्या

पीडब्ल्यूसीकेला पासवर्ड आणि शॅडो फाईलचा पाथ वेगळा देता येतो, तुमच्या स्क्रिप्टलाही ती सोय ठेवा. मग एका फोल्डरमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या फाईली बनवा: आठ फील्डची ओळ, कॅरेज रिटर्नवाली, रूटशिवाय दुसरा शून्य, ६५५३५ वाला, शेल रिकामा, हॅश रिकामा, आकड्याचं युजरनेम, देवनागरी शेरा ज्यावर गप्प बसायचंय तो, आणि एक अर्ध्यात तुटलेली शेवटची ओळ जिच्यानंतर नवी ओळच नाही. प्रत्येक फाईलसमोर नेमका कुठला मेसेज यायला हवा ते लिहून ठेवा आणि ताडून बघा. टीममधल्या नवीन मुलाला किंवा मुलीला फक्त मेसेज दाखवा, फाईल दाखवू नका, आणि विचारा आता कुठली कमांड टाकशील. उत्तर आलं नाही तर मेसेज बदला.

डिस्ट्रो (म्हणजे डेबियन, सेंटओएस अशी लिनक्सची आवृत्ती) अपग्रेड केलं की हे सगळं परत एकदा चालवा. सेंटओएस ६ वर साधे युजर यूआयडी ५०० पासून सुरू व्हायचे, ७ पासून १००० पासून, आणि जुन्या मशीनवरून तशाच उचलून आणलेल्या ५०० ते ९९९ मधल्या माणसांना नवीन मशीन सिस्टिम अकाउंट समजते, ती लॉगिन स्क्रीनवर दिसत नाहीत आणि 'फक्त साधे युजर तपास' म्हणणाऱ्या स्क्रिप्टमधूनही सुटतात. रेंज स्क्रिप्टमध्ये हाताने लिहू नका, लॉगिन डॉट डेफ्समधून वाचा, आणि त्या पट्ट्यात बॅश शेल असलेला कुणी सापडला तर त्याचं नाव दुसऱ्या खान्यात येऊ दे.